केशरीवर लाल

सोलापूर, १७ मार्च २०२५

रुद्रप्पा,

फोन तू उचलत नाहीस. तीन वर्षांत एकोणतीस वेळा लावला. मोजायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. तुझा अकलूजचा पत्ता वाचनालयाच्या रजिस्टरातून उतरवून घेतला. पत्र पोस्टमन हातात देणारच. वाचायचं की नाही ते तू ठरव.

काल होळीनंतरचा पहिला रविवार. सहाच्या एसटीनं वळसंग फाट्यावर उतरलो आणि बिरुदेवाच्या माळावर चालत गेलो. या वसंतातली पहिली फेरी. आपण अकरा वर्षं जोडीनं केलं, पुढची दोन मी एकट्यानं, हे चौदावं. मधलं लॉकडाऊनचं साल कोरं आहे. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. पोलिसाला मी किती सांगितलं, 'अहो, फुलपाखरांना कोरोना होत नाही.' त्यानं मला फाट्यावरूनच परत पिटाळलं होतं.

देवळाची पूर्वेकडची भिंत आधी पाहिली. रात्रभर ट्यूबलाइटवर आलेले पतंग उजाडलं तरी तिथंच चिकटून बसतात, तसे होते. एकोणीस जातींचे. त्यात तो कण्हेरीवरचा मोठा हिरवा पतंग होता, पंख मिटून, शेवाळलेल्या दगडासारखा. मी चौतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात ग्राफ कागदावर डिझाइनं काढली. माझे मोर, माझी कमळं देशभरातल्या पलंगांवर पडलीत. पण असा हिरवा मला एकाही चादरीत उतरवता आला नाही. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण कोण हे कळतं, आणि तरी छाती फुगते. का, तर तो आपल्या सोलापुरात आहे. लोक म्हणतात, इथं ऊन आणि धूळ सोडून काय आहे? त्या लोकांना एकदा सकाळी साडेसहाला त्या भिंतीसमोर उभं करायला पाहिजे.

मग आपली नेहमीची एक किलोमीटरची वाट. रुईवर तांबूस फुलपाखरं बावीस. तरवडाभोवती पिवळी इतकी, की दोनदा मोजावी लागली. वाघाटीच्या वेलापाशी केशरी टोकाची पांढरी सहा.

लाल टोकाचं दिसलं नाही.

हो, मुद्दामच लिहिलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी लाल टोकाचं एक पाहिलं, आपल्या माळावरची पहिली आणि एकमेव नोंद. ती वहीत आहे. मी ती खोडलेली नाही आणि खोडणारही नाही. वाचनालयात मी यादी वाचत होतो आणि तू तीसेक माणसांपुढं उठून म्हणालास, "सयाजीनं ते पाहिलेलं नाही. त्याला ते पाहायचं होतं." अकरा वर्षांच्या दोस्ताला असं बोलतात का? त्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. तुलाही ते पाठ आहे, मलाही.

तब्येतीला जप. अकलूजला उसाचंच रान सगळं. फुलपाखरांच्या बाबतीत तू फार श्रीमंत गावात नाहीस.

सयाजी


सोलापूर, ३१ मार्च २०२५

रुद्रप्पा,

काल पाडवा. घरात गुढी उभी करून मी आठला माळावर पोचलो. उशीर झाला म्हणून चरफडत होतो, तर तिथं मोजणीची फीत घेतलेली माणसं.

आपला माळ जेसीबीनं साफ करायचा ठरलाय. झुडपं काढायची, जमीन सपाट करायची, गुलमोहर लावायचे, बाकडी आणि चालायला रस्ता. सरपंच सोजरबाई स्वतः आल्या होत्या. पदर खोचून, उन्हात उभ्या. बाई भल्या आहेत. गावात पाण्याची टाकी त्यांच्याच हट्टानं झाली. मी म्हणालो, "बाई, हे तोडू नका."

"तोडत न्हाय, झाडं लावतोय की आमी."

"ही पण झाडंच आहेत."

"काटं हायत ती. पोरांच्या पायात घुसत्यात. दुसऱ्या गावची मानसं येत्यात, म्हनत्यात तुमच्या गावाला नुसता उघडा माळ. आमाला बी वाटतं, कायतरी हिरवं दिसावं."

मी वही उघडून दाखवली. त्यांनी पानं चाळली, माझी रंगीत चित्रं बघितली आणि म्हणाल्या, "लई सुरेख काडलंय. पन पाखरं काय, हितनं उठतील आन् तितं बसतील."

इथं मी वही मिटली. मला पंख कळतात रे. ठिपके कळतात, रंग कळतात. पण कुठली अळी कुठल्या झाडाचं पान खाते आणि ते झाड गेलं की कोण उपाशी मरतं, हे सगळं तुझ्या रजिस्टरात आहे. तेवीस वर्षं शाळेत वनस्पती शिकवलेला माणूस तू. आपण कामच तसं वाटून घेतलं होतं, उडतं ते माझं, उगवतं ते तुझं. आज माझ्याजवळ निम्मंच पुस्तक आहे.

१७ एप्रिलला विशेष ग्रामसभा आहे. सोजरबाईंनी मला बोलायला दहा मिनिटं दिलीत. तुझं ते हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर पाठव. माझ्यासाठी पाठवू नकोस, माळासाठी पाठव.

आणखी एक. पार्वतम्मा वहिनी गेल्या तेव्हा मी आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत. तू बाहेर ओट्यावर बसला होतास, डोक्यावर टॉवेल. तिथून मागं फिरलो.

सयाजी


सोलापूर, ९ एप्रिल २०२५

रुद्रप्पा,

रजिस्टर मिळालं. स्पीड पोस्टानं, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून. आत तुझी एक ओळही नाही. तरी पाठवलंस.

तीन दिवस मी तेच वाचतोय. घरात तुझी दुर्गा वहिनी विचारते, "पोथी लावलीय का?" पोथीच आहे ती. तरवडावर पिवळ्यांची अंडी, तारखेसकट. रुईच्या पानामागं अळ्या, पट्टे मोजून. वाघाटीवर केशरी टोकाची अळी, देठाच्या रंगाची, 'तीन वेळा डोळ्यांपुढं असून दिसली नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. रुद्रप्पा, जिल्ह्यात असं दुसरं रजिस्टर असेल तर मला आणून दाखव. मी माझ्या वहीचा तोरा मिरवत होतो इतकी वर्षं, आणि तू शेजारी बसून हे करत होतास.

ग्रामसेविका अंकिता आहे, हुशार मुलगी, बीएस्सी झालेली. तिला दोन्ही वह्या दाखवल्या. तिनं लाल टोकाच्या नोंदीवर बोट ठेवलं. "काका, हेच पुढं करा. नेहमीची फुलपाखरं म्हटलं की लोक हसतील. दुर्मीळ म्हटलं की सगळे दबकतात. एका नोंदीवर काम होऊन जाईल."

मला काय आनंद झाला सांगू! जी नोंद तू खोटी ठरवलीस तीच माळ वाचवणार. रात्रीचं जेवणही दोन घास जास्त गेलं.

मग काल तुझ्या रजिस्टरात ती तारीख काढून पाहिली. १० एप्रिल २०२२. तू लिहिलंयस, 'वाघाटीपाशी केशरी टोक १. सूर्य समोर होता. सयाजीला लाल वाटलं.' बस्स. पुढं टोमणा नाही, उद्गारचिन्ह नाही. आणि सगळ्यात खाली, प्रत्येक रविवारच्या पानावर असतं तसं, 'साडेनऊ. घरी.'

अकरा वर्षांत एकदाही पावणेदहा झालेले नाहीत. मी सगळी पानं पाहिली.

सध्या एवढंच.

सयाजी


सोलापूर, १८ एप्रिल २०२५

रुद्रप्पा,

काल ग्रामसभा झाली. सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर मी मधलं गाळीन.

सकाळी निघण्याआधी मी माझं लाल टोकाचं ते जुनं चित्र बाहेर काढून खिडकीशी नेलं. डिझाइन तपासायचं भिंग होतं, ते लावलं. ग्राफ कागदावर मी रंग चौकोनाचौकोनानं भरतो. लालच्या कडांना जिथं चौकोन नीट भरला गेला नव्हता, तिथं खालून केशरी दिसत होता. त्या दिवशी घरी येऊन मी आधी केशरी भरला होता, रुद्रप्पा. जे पाहिलं ते हातानं बरोबर उतरवलं होतं. मग चहा प्यालो, विचार करत बसलो, आणि वरून लाल चढवला. हे मला तेव्हाही माहीत होतं. नंतर मी ते इतक्या जणांना सांगितलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं.

कागद पिशवीत टाकला आणि गेलो.

शाळेच्या पटांगणात मांडव. दीडशे तरी माणसं असतील, बायका डाव्या बाजूला. आधी अजिनाथ म्हणून एक सदस्य आहे, बागेची कल्पना त्याचीच, तो बोलला. चांगला बोलला. मग मी. आधी आपली नेहमीची यादी वाचली. चौदा वर्षं, बेचाळीस जातींची फुलपाखरं, पतंग सत्त्याऐंशी. मागं पोरं कुजबुजत होती. अजिनाथ उठला.

"गुरुजी, ही सगळी आमच्या घरामागं पन असत्यात. ह्या माळावर असं येगळं काय हाय?"

मी गुरुजी नाही, पण वही हातात असली की लोक म्हणतात. अंकितानं माझ्याकडं पाहून मान हलवली. तिला वाटलं, हीच वेळ. ते पान माझ्या बोटाखालीच होतं. मी वाचलं, "लाल टोकाचं पांढरं फुलपाखरू, एक. दहा एप्रिल दोन हजार बावीस. या माळावरची एकमेव नोंद." मागची पोरंही माना उंच करून बघायला लागली. दुर्मीळ शब्द मला उच्चारावाही लागला नाही.

सोजरबाईंनी विचारलं, "तुमी सोता बगितलं?"

साधा प्रश्न. हो म्हटलं असतं तर मिटलं होतं. समोर दीडशे माणसं, आणि त्यांतलं एकही मला खोटं पाडू शकलं नसतं. पाडू शकणारा एकच माणूस, आणि तो अकलूजला.

मी म्हणालो, "नाही बाई. मी केशरी टोकाचं पाहिलं आणि लाल लिहिलं. माझ्या जोडीदारानं तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याचं नाव रुद्रप्पा. ही नोंद चुकीची आहे." खिशातला पेन काढला आणि तिथंच, सगळ्यांदेखत, ती ओळ खोडली. खाली सही केली, तारीख टाकली.

अंकितानं डोक्याला हात लावला. अजिनाथ हसला. "म्हंजे वहीच खोटी की!"

तेव्हा सोजरबाई उभ्या राहिल्या. "अजिनाथ, खाली बस. चार मानसांत सोताची चूक कोन सांगतं? तुज्या बागंच्या कागदात एक तरी वळ खोडलीस का तू? ह्या मानसाची बाकीची वही खरी हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता सांगा, पाखरं हितनं उठून तितं का बसत न्हाईत?"

मी तुझं रजिस्टर उघडलं. माझं नव्हे, तुझं. आणि वाचत गेलो. रुई गेली की तांबूस गेलं. तरवड गेला की पिवळं गेलं. मोठं फुलपाखरू उडून जाईल, पण अंडी घालायला त्याला तेच झाड लागतं, गुलमोहराचं पान त्याच्या अळीच्या तोंडाला चालत नाही. आता कुजबुज थांबली होती. वाघाटीवर आलो आणि बायकांतून एक म्हातारी ओरडली, "वाघाटी? ती बी काडनार? मग आखाडातल्या बारशीला भाजी कशाची करायची गं सोजर?"

रुद्रप्पा, जे बेचाळीस फुलपाखरांना जमलं नाही ते त्या एका भाजीनं केलं. वाघाटीची भाजी खाल्ल्याशिवाय उपास सुटत नाही, हे बायकांना पाठ. दुसरी म्हणाली तरवडाच्या फुलांचं, तिसरी बोरांचं, एक मेंढपाळ उठला आणि हेकळीच्या सावलीचं बोलला. ज्याला त्याला आपापलं झाड आठवलं. अजिनाथची आईच शेवटी म्हणाली, "गुलमोहर शाळंच्या वाटंला लाव की रे, पोरांना सावली हुईल." यावर तोही हसला. वाईट नाही तो. गाव हिरवं व्हावं एवढंच त्याला हवं होतं.

ठराव झाला. बिरुदेवाच्या माळावर यंत्र जाणार नाही, गुलमोहर शाळेच्या रस्त्याला. ठरावात अंकितानं लिहिलंय, 'श्री. रुद्रप्पा व श्री. सयाजी यांच्या नोंदींच्या आधारे.' तुझं नाव आधी घ्यायला मी सांगितलं. नक्कल सोबत जोडतोय. बघ, शिक्का आहे.

परत येताना एसटीत मी एवढा ताठ बसलो होतो की शेजारच्यानं विचारलं, पाठ दुखते का. रिटायर झालो तेव्हा शाल-नारळ मिळाला, तेव्हाही असं वाटलं नव्हतं. आयुष्यात एवढी डिझाइनं काढली, पण कालची ती खोडलेली ओळ मला सगळ्यांत सरळ आली.

आता दुसरी ओळ. ही वहीत नाही, त्यामुळं खोडायला सोपी नाही.

वाचनालयात मी तुला म्हणालो, "आजारी बायकोच्या खाटेपासून पळायला तू माळावर येतोस. तुला फुलपाखरांतलं काय कळतं?" ते खोटं होतं, आणि बोलताना मला माहीत होतं की खोटं आहे.

वहिनी खाटेवर पडल्या त्याच्या पुढच्या वर्षी, २०१९ ला, एका रविवारी मी तुला घ्यायला आलो होतो. तू आत पाणी भरत होतास. वहिनींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "अवरन्न करकोंड होग्री, भावजी. घेऊन जावा त्यांना. घरात असले की दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसतात. माळावरनं आले की मला सगळं सांगतात, कुठल्या झाडाला काय लागलं, तुम्ही कुठं घसरून पडला. मी हसते. रविवारची मी वाट बघते. पण मी म्हणाले म्हणून सांगू नका, मग ते यायचे नाहीत."

मी शब्द दिला आणि पाळला. त्या गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. गल्लीच्या तोंडाशी उभा होतो तेव्हा हेच सांगायला आलो होतो. पण सांगायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी जाणूनबुजून तुला तिथं मारलं. माझ्यात तेवढी धमक नव्हती. तीन वर्षं तू ते वाक्य उशाशी घेऊन झोपला असशील, हे मला कळत होतं.

तू पळत नव्हतास. तुला वहिनींनी पाठवलं होतं, आणि साडेनऊला तू परत जात होतास.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही तो तुझा हक्क. मला फक्त तुझी नोंद दुरुस्त करायची होती.

सयाजी


सोलापूर, २८ एप्रिल २०२५

रुद्रप्पा,

काल एवढा वेळ बरोबर होतो आणि तरी पत्र लिहितोय. तोंडानं मला सगळं जमत नाही, हे आता तुला कळलंय.

फाट्यावर एसटी थांबली, मी उतरलो, आणि चहाच्या टपरीवर तू. तीच कापडी पिशवी, टोपी मात्र नवी. आदल्या दिवशीच भाचीकडं येऊन राहिलास म्हणे. मला वाटलं काहीतरी बोलशील. तू म्हणालास, "उशीर झाला. ऊन चढायच्या आत निघू." आणि पुढं चालायला लागलास. केवढा बारीक झालास रे! पण चाल तीच. झुडपाशी वाकायचं, पान उलटायचं, पुटपुटायचं.

रुईपर्यंत गेलो, तरवडापर्यंत गेलो. मी आकडे सांगत होतो, तू लिहीत होतास. मग वाघाटीच्या अलीकडं त्या मोठ्या दगडावर तू बसलास. पेनाचं टोपण लावलंस.

"नेमकं कसं म्हणाली? तिचे शब्द सांग."

मी सांगितले.

"परत सांग."

मी परत सांगितले. कन्नड माझं कच्चं आहे, पण तेवढे तीन शब्द मी सहा वर्षं सांभाळलेत. तू म्हणालास, "'होग्री' असं लांबवून म्हणायची ती. बरोबर म्हणालास." मग तू टोपी काढून तोंडावर धरलीस. मी दुसरीकडं पाहत उभा राहिलो. किती वेळ, ते पहिल्यांदाच मी मोजलं नाही.

नंतर तू जे म्हणालास तेही इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही. "सयाजी, तुला मी अजून माफ केलेलं नाही. पण ती हसायची हे मला आठवत नव्हतं. ते तू परत दिलंस." मला एवढं पुष्कळ आहे. उरलेलं देण्यासाठी पुढच्या वसंतापर्यंत वेळ घे.

पुढं अजिनाथ भेटला. जेसीबी नाही, हातात कुदळ. शाळेच्या रस्त्याला खड्डे घेत होता. तुला बघून म्हणाला, "हेच का ते रुद्रप्पा गुरुजी?" आणि वाकून पाया पडला. तू असा काही लाजलास की मला हसू आवरेना. सोजरबाईंनी आपल्याला जेवायला ठेवून घेतलं, तुझ्या ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या, आणि तू साडेनऊ कधीच वाजून गेले होते तरी घड्याळाकडं पाहिलं नाहीस.

कालची बेरीज, पक्की करून कळवतो. चारशे अकरा. चौदा वर्षांतली सगळ्यांत मोठी. दोघांचे डोळे असले की आकडा वाढतो, त्यात फुलपाखरांचं श्रेय थोडं कमी धरायला हवं.

तुझी अकलूजची एसटी सुटताना मी खिडकीखाली उभा होतो. तुझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, "पाहुण्याकडं आला होता व्हय?" मला ऐकू येणार नाही असं तुला वाटलं असेल. आलं. तू मोठ्या आवाजात, अगदी वर्गात शिकवायचास तसं, त्याला सांगितलंस,

"पाहुणा कसला? फुलपाखरं मोजून निघालोय. आमच्या माळावरची."

सयाजी